बाळाला वंश कळतो का?

"लहान मुलांना कुठे काळं-गोरं कळतंय" हे वाक्य ऐकलं की माझी चिडचिड होते, आणि "आपला-परका वंश ओळखणं रक्तातच असतं" ऐकलं की त्याहून जास्त.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सगळ्या वंशांचे चेहरे सारखेच, पण तीन महिन्यांत ते घरच्यांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त बघायला लागतं. आणि चेहरा ओळखता येतो का, हे बोलता न येणाऱ्या बाळाकडून काढून कसं घ्यायचं? तर बाळं कंटाळतात, त्याचाच उपयोग करायचा. एक चेहरा कंटाळा येईपर्यंत दाखवायचा, मग तोच चेहरा आणि शेजारी एक नवा, बाळ नव्याकडे जास्त वेळ बघत बसलं की समजायचं जुना त्याने ओळखला. २००७ साली छापून आलेल्या अशा प्रयोगात तीन महिन्यांची गोरी बाळं आफ्रिकन, चिनी, मध्यपूर्वेतले, गोरे सगळेच चेहरे ओळखत होती आणि नऊ महिन्यांची फक्त गोरे! म्हणजे वाढता वाढता मेंदू एक कसब चक्क सोडून देतो, कारण जे रोज दिसत नाही त्याच्यावर मेहनत कशाला घ्या. माकडांच्या चेहऱ्यांचंही तेच, सहा महिन्यांचं बाळ दोन माकडं वेगळी ओळखतं, नऊ महिन्यांचं नाही आणि आपणही नाही. ज्याच्या कानावर लहानपणी 'ळ' पडला नाही त्याला मोठेपणी 'ल' आणि 'ळ' सारखेच वाटतात ना, तसंच हे.

आणि हे उलटवताही येतं. कोरियात जन्मून तीन ते नऊ वर्षांच्या वयात युरोपातल्या गोऱ्या घरांत दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर तपासली, तर त्यांना गोरे चेहरेच जास्त चांगले ओळखता येत होते. आता सांगा, रक्ताने काय केलं? (थुंकी तपासायला पाठवून, आपण किती टक्के कुठल्या वंशाचे हे डीएनएवरून विचारणाऱ्यांनीही हे वाचावं, त्या रिपोर्टात जनुकं कुणाशी जुळतात तेवढंच असतं, 'मी कोण' ते नसतं.)

पण चेहरे ओळखणं वेगळं आणि 'मी यांच्यातला' हे कळणं वेगळं. १९४० च्या आसपास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने अमेरिकेतल्या तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली आणि मग "तुझ्यासारखी कुठली?" विचारल्यावर काही जण रडायलाच लागले. कळत होतं त्यांना, नीट कळत होतं.

१९७८ च्या एका अमेरिकन अभ्यासात शाळकरी मुलांना नुसतं "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं होतं. वंशाचा उल्लेख काळ्या मुलांपैकी १७ टक्क्यांनी केला, गोऱ्यांपैकी जेमतेम १ टक्क्याने. त्या शाळांमध्ये गोरी मुलं बहुसंख्य होती, म्हणजे आजूबाजूच्यांपेक्षा जो वेगळा दिसतो त्यालाच आपला वंश आधी आठवतो.