शब्दसंग्रह चाचणी आणि संदर्भ

परकी भाषा शिकणाऱ्याला शब्द किती येतात हे बघताना शब्द सुटा विचारायचा की वाक्यात घालून, याचा हा प्रश्न. सुटा म्हणजे वर शब्द, खाली चार अर्थ, ते शाळेत सगळ्यांनीच सोडवलंय.

वाक्यातले शब्द गाळायची पद्धत म्हणजे क्लोझ, ती मुळात कोणाची यावर वाद आहे. नाव अमेरिकेतल्या विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये दिलं, अपुरी आकृती मन पुरी करून घेतं या गेस्टाल्टवाल्यांच्या (मानसशास्त्रातला एक पंथ) 'क्लोजर' कल्पनेवरून. पण टेलरना विद्यार्थी तपासायचेच नव्हते, मजकूर वाचायला किती अवघड ते मोजायचं होतं, म्हणून ठरावीक अंतराने, उदा. दर पाचवा शब्द उडवायचा, मग तो कुठलाही असो. त्याआधी साधारण १८९७ च्या सुमारास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी ब्रेस्लाउच्या (आताचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शाळकरी पोरांना गाळलेल्या जागा दिल्या होत्या, तेही भाषेसाठी नाही, शाळेच्या तासांनी डोकं किती थकतं ते बघायला, म्हणून काहीजण मूळ तिथे नेतात. पण एबिंगहाउस शब्दांचे तुकडेही गाळत, त्यामुळे नातं जोडायचंच तर ते १९८१ च्या सी-टेस्टशी (दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गायब) जास्त जवळचं वाटतं.

टोफेल ही परक्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा १९६४ पासून आहे. १९७६ च्या बदलात शब्दाखाली रेघ मारलेलं अख्खं वाक्य आलं, १९९५ पासून शब्द थेट उताऱ्यातच. दिसायला ही प्रगती, पण उतारा न वाचताही पर्याय बघून उत्तर येत असेल तर संदर्भ नुसता शोभेला. शब्दसंग्रह चाचण्यांचे अभ्यासक जॉन रीड यांनी २००० साली हेच मांडलं की वाक्य दिलंय का हे नाही, वाक्यावाचून उत्तर अडतंय का ते बघा. हेच मत जास्त पटतं. उलट बाजूने, वाक्य फारच बोलकं असलं तर शब्द न येणाराही अंदाजाने सुटतो.

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ, त्यामुळे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं उदाहरण घेऊ (१९८४ पासून, २०१० पासून पाच लेव्हल). त्यात वाक्यातली गाळलेली जागा भरायचे प्रश्न असतातच, शिवाय सगळ्यात खालची लेव्हल सोडून बाकीच्यांना एक शब्द देऊन चार वाक्यांतलं बरोबर कुठलं तेही विचारतात. 'काकेरु' हे क्रियापद सुटं विचारलं तर अर्थ सांगणार तरी कुठला, चष्म्याला, फोनला, कुलपाला सगळ्याला तेच. 'मेगाने ओ' (चष्मा) एवढं पुढे दिसलं की मराठी माणूस 'लावणे' आठवून पटकन काकेरु निवडतो, कारण आपणही चष्मा लावतो, फोन लावतो, कुलूप लावतो. आता हे जपानी आलं म्हणून की मराठी आलं म्हणून, ते एका प्रश्नावरून कळत नाही. दिवा लावायचं वाक्य दिलं की कळतं, कारण तिथे 'त्सुकेरु' लागतं आणि 'लावणे'च्या भरवशावर बसलेले तिथेही काकेरुवर टिक करतात.