दुकानात ‘रॅम’ मागितला तर कुठला?

मत्स्यालयाच्या दुकानात जाऊन नुसतं ‘रॅमची जोडी द्या’ म्हटलं, तर दोनपैकी कुठलाही मासा पिशवीत येऊ शकतो. एक जर्मन ब्लू रॅम, दुसरा बोलिव्हियन रॅम. दोघेही बुटके सिक्लिड, म्हणजे सिक्लिड या मत्स्यकुळातले लहान चणीचे मासे, आणि मायक्रोजिओफॅगस या एकाच प्रजातीतले. दोन-अडीच सेंटिमीटरचे असताना दोघेही करडे, डोळ्यातून जाणारी उभी काळी रेघ दोघांना, कुशीवरचा काळा ठिपकाही दोघांना. घरी आणल्यावर मात्र एकाला जे मानवतं त्यात दुसरा नीट जगेलच असं नाही, म्हणून ही ओळख पैसे देण्याआधी पटलेली बरी.

आधी नावाचा गोंधळ. ‘रॅम’चा मेंढ्याशी काही संबंध नाही. व्हेनेझुएलातून ब्लू रॅम आणणाऱ्या मॅन्युएल रामिरेझ यांचं नाव मायर्स आणि हॅरी या अभ्यासकांनी १९४८ मध्ये त्या जातीला दिलं, ‘रामिरेझी’. व्यापारात त्याचा झाला रॅम. तो जर्मनीचाही नाही. तिथल्या पैदाशीमुळे ते विशेषण चिकटलं, मूळ घर ओरिनोको नदीच्या खोऱ्यात, व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ सपाटीवर. बोलिव्हियन मात्र नावाप्रमाणे खरोखरच बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या ब्राझीलचा. त्याचं शास्त्रीय वर्णन १९११ चं, म्हणजे रामिरेझीच्या कितीतरी आधीचं. तरी चुलतभावाचं आडनाव त्याला नंतर लागलं.

ओळखायचं कसं? मी पहिल्यांदा शेपटी बघतो. बोलिव्हियनच्या शेपटीची वरची आणि खालची टोकं वयात येताना दोऱ्यासारखी लांबतात आणि कडेला लालसर छटा असते. ब्लू रॅमची शेपटी साधी, जवळजवळ पारदर्शक. मग अंग. ब्लू रॅमवर निळे चमकते ठिपके विखुरलेले असतात, मादीच्या तर काळ्या ठिपक्यातही निळी टिकली दिसते. बोलिव्हियनचा काळा ठिपका निव्वळ काळा, अंग मातकट-पिवळसर. पूर्ण वाढलेला बोलिव्हियन सात-आठ सेंटिमीटरचा होतो, ब्लू रॅम पाचच्या आसपास राहतो. सोनेरी, इलेक्ट्रिक ब्लू, फुग्यासारखा बलून, हे सगळे ब्लू रॅमचेच निवडून काढलेले प्रकार. बलून मी घेत नाही. ज्या माशाला नीट पोहताही येत नाही असा आकार मुद्दाम का घडवायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

खरा फरक आहे उष्णतेत. ओरिनोकोच्या त्या उघड्या सपाटीवरचं उथळ पाणी उन्हाने चांगलंच तापतं, म्हणून ब्लू रॅमला २७ ते ३० अंश हवेत. बोलिव्हियाच्या सखल भागात हिवाळ्यात ‘सुराझो’ नावाचे गार दक्षिणी वारे येतात, त्यामुळे तिकडचा मासा २३-२६ अंशांतही मजेत असतो. आपल्याकडे निऑन टेट्रा आणि कोरीडोरास या छोट्या माशांसोबत ब्लू रॅम ठेवायची पद्धत आहे. त्या टाकीचं पाणी २४-२५ वर असतं. मग रॅम कोपऱ्यात बसतो, रंग उडतो, खाणं सोडतो, आणि आपण औषधं घालत बसतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत तर हीटरशिवाय ब्लू रॅमचा विचारही करू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. ब्लू रॅमला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. मुंबईकरांना सह्याद्रीतल्या तलावांचं पाणी मिळतं, ते मृदू असल्यामुळे त्यांचं काम सोपं. देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन टाकीत सोडली की पाण्याला चहासारखा रंग येतो आणि ते आणखी मानवतं. बोअरचं जड पाणी असलेल्या घरात ब्लू रॅम कदाचित जगेल, अंडीही घालेल, पण ती अंडी फळायची शक्यता कमी. पांढरी पडून त्यांवर बुरशी चढते. बोलिव्हियन या बाबतीत बराच सोशिक आहे. नव्या, न मुरलेल्या टाकीत मात्र दोघांनाही टाकू नका. ब्लू रॅम तर माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा नायट्रेटही सहन करत नाही.

पैदाशीची रीत दोघांची सारखी. चपटा दगड चाटूनपुसून साफ करायचा, त्यावर चिकटणारी अंडी घालायची, मग आईबापांनी दोघांनी मिळून राखण. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. वळवळणारी पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खळग्यात हलवली जातात, म्हणून तळाला बारीक वाळू हवीच. नर-मादी ओळखणं ब्लू रॅममध्ये सोपं, मादीचं पोट गुलाबी. बोलिव्हियनमध्ये अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बाहेर येणारी नळी दिसेपर्यंत अंदाजच: मादीची बोथट, नराची टोकदार. म्हणून बोलिव्हियनची पाच-सहा पिल्लं एकदम घ्यावीत आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यावी.

पहिली एक-दोन वेळची अंडी आईबापच खातात. मन खट्टू होतं, पण दगड काढून घेऊ नका. मत्स्यशेतीत पैदास झालेल्या ब्लू रॅमची अंडी पिढ्यान्‌पिढ्या वेगळी काढून फोडली गेली, त्यातून त्यांची राखणीची सवय मोडत गेली असं बहुतेक पाळणारे मानतात, आणि माझाही अनुभव तोच. बोलिव्हियन त्या मानाने भरवशाचे पालक.

पहिल्यांदाच बुटके सिक्लिड पाळणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: बोलिव्हियन घ्या. अडीच-तीन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, वाळू, दोन चपटे दगड. तो चार वर्षं सहज सोबत करतो, ब्लू रॅम दोन-तीनच. दुकानात तो फिका वाटेल. पण टाकीत रुळल्यावर, पिल्लांचा थवा मागे घेऊन तो वाळू चाळत निघाला की परांच्या लाल कडा उजेडात लखलखतात. त्या पिल्लांना पोहायला लागल्या दिवसापासून अंड्यातून ताज्या निघालेल्या आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले कोळंबीसारखे जीव) द्या, दिवसातून तीन-चार वेळा, थोड्याथोड्या. ब्लू रॅमची पिल्लं याहून बारीक असतात, त्यांना सुरुवातीला इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, तयार ठेवा.