गुरांना लस, न्यूंना जीवदान

आफ्रिकेतल्या एका मोठ्या कुरंगाला इंग्रजीत दोन नावं आहेत. 'न्यू' हे दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांच्या भाषेतून आलं. इंग्रजीत ते लिहिताना सुरुवातीला 'जी' लावतात, पण त्याचा उच्चार करत नाहीत. 'विल्डबीस्ट' हे तिथल्या डच वसाहतकऱ्यांनी दिलेलं नाव, त्याचा अर्थ रानटी गुरं. दोन्ही नावं एकाच प्राण्याची आणि दोन्ही बरोबर. याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या शेपटीचा काळा न्यू फक्त दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातला. लाखोंच्या कळपांनी फिरतो तो निळा न्यू: जड खांदे, मागे उतरत जाणारी पाठ, लांबट तोंड आणि गळ्याखाली दाढी.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने न्यू गुरांत मोडत नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांतलं त्याचं नशीब गुरांच्याच एका रोगाशी बांधलेलं होतं, आणि ती हकिगत मला त्याच्या प्रसिद्ध स्थलांतराइतकीच विलक्षण वाटते.

तो रोग म्हणजे बुळकांडी. रवंथ करणाऱ्या जनावरांना तो होई. जोराचा ताप, तोंडात व्रण, मग पाण्यासारखी हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. (माणसाच्या गोवराचा विषाणू याचाच जवळचा नातलग.) १८८७ च्या सुमाराला इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी पूर्व आफ्रिकेत शिरली आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. इथिओपियात दहातली नऊ गुरं मेली. मसाईंसारखे गुरांवर जगणारे लोक उपासमारीने खचले. रानम्हशी आणि न्यूही पटापट मेले.

पहिली लाट ओसरली तरी टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मैदानांत रोग टिकून राहिला, आणि तिथे त्याचा मारा एका ठरावीक वयावर होता. ज्या माद्या रोगातून वाचल्या, त्यांच्या चिकातून पिल्लांना प्रतिपिंडं मिळत. तेवढ्या बळावर पिल्लू पहिले काही महिने तगे. मग ते संरक्षण संपे, आणि वर्ष पुरं होण्याआधीच बरीचशी पिल्लं दगावत. झेब्रे त्याच गवतावर, त्याच पाणवठ्यांवर असत, पण त्यांना काही होत नसे. झेब्रा रवंथ करत नाही आणि बुळकांडी त्याच्या वाट्याला जात नाही.

वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यकाने केनियात पेशीसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत विषाणू जोपासून, बुळकांडीची खात्रीची लस बनवली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही न्यूला सुई लागली नाही, तरी १९६३ नंतर न्यूंमधला रोग नाहीसा झाला, कारण तो गुरांकडूनच येत होता. १९६१ मध्ये सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास न्यू होते. १९७० चं दशक संपण्याआधी ते तेरा लाखांवर गेले. झेब्र्यांची संख्या त्या काळात जवळपास होती तिथेच राहिली, त्यामुळे वाढीचं कारण नुसता चांगला पाऊस नव्हे हेही स्पष्ट झालं.

एवढी तोंडं चरू लागल्यावर उन्हाळ्यात वाळून उभं राहणारं गवत कमी झालं. गवत कमी म्हणून वणवे कमी झाले. पूर्वी वणव्यात दरसाल जळून जाणारी बाभळीच्या कुळातली रोपटी आता वाढली, त्यांची झाडं झाली. झाडांबरोबर जमिनीत आणि खोडांत कार्बन साठू लागला. गुरांना टोचलेल्या लशीने रानात झाडं वाढवली, हे वाचताना मी दर वेळी थबकतो.

ही संख्या टिकते ती विणीच्या हंगामावर. जानेवारी-फेब्रुवारीत कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांत येतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दूध देणाऱ्या मादीला हवं तेच. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांतच वितात. पिल्लू जमिनीवर पडतं, लगेच उठायला बघतं, पुढचे पाय दुमडून कोसळतं, पुन्हा उठतं आणि दहाएक मिनिटांत आईबरोबर चालू लागतं. एकाच वेळी इतकी पिल्लं असली की तरसांनी आणि सिंहांनी कितीही मारली तरी बरीच उरतात.

या पिल्लांपासून गुरांना मात्र धोका असतो. त्यांच्या शरीरातला एक नागीण-कुळातला विषाणू न्यूला त्रास देत नाही, पण गुरांना मारतो. म्हणून मसाई गुराखी विणीच्या दिवसांत आपली जनावरं तिथून दूर नेतात. तो विषाणूही न्यूमधून वेगळा काढला तो प्लोराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच, १९६० मध्ये.

बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर निर्मूलन झालेला हा दुसराच रोग. पण केनियाच्या बाजूला न्यूंची स्थिती चांगली नाही. लोइटा मैदानातून मसाई मारा अभयारण्यात उतरणारे न्यू १९७७ मध्ये लाखाच्या वर होते. पुढच्या वीस वर्षांत ते पंचवीस हजारांखाली आले, कारण त्यांच्या विणीच्या जागेवर गव्हाची शेती झाली. आता तिथे तारेची कुंपणंही वाढली आहेत. माराच्या भोवतालचे काही मसाई जमीनमालक आपल्या जमिनी भाडेपट्ट्याने वन्यजीवांसाठी मोकळ्या ठेवतात, आणि अशा पट्ट्यांतून कळपांना अजून वाट मिळते.