हॅगिस आणि ब्लॅक पुडिंग : स्कॉटिश ताटातल्या दोन चकत्या

स्कॉटलंडमध्ये एखाद्या लहान हॉटेलात किंवा घरगुती निवासात उतरून सकाळची ‘फुल स्कॉटिश’ न्याहारी मागवली, की अंडे, बेकन, लॉर्न नावाचे चौकोनी सॉसेज, बटाट्याचा चपटा टॅटी स्कोन, परतलेले मश्रूम आणि टोमॅटोच्या रसातले बीन्स यांच्या शेजारी पुष्कळदा दोन गोल चकत्या ठेवलेल्या असतात. एक काळीभोर, दुसरी गडद तपकिरी. दोन्ही तव्यावर परतलेल्या, दोन्हींत ओट्सचे कण दिसणारे, दोन्हींना कांद्यामिरीचा वास असलेल्या. पहिली ब्लॅक पुडिंगची असते आणि दुसरी हॅगिसची. आपल्याकडून गेलेले अनेक प्रवासी या दोहोंना एकाच पदार्थाचे दोन प्रकार समजतात आणि मग एकाविषयीची ऐकीव माहिती दुसऱ्यावर लादली जाते. हॅगिसमध्ये रक्त असते असे कुणी सांगतो, तर ब्लॅक पुडिंग मेंढीच्या पोटात भरून शिजवतात असे दुसरा सांगतो. पहिले विधान साफ चुकीचे आहे आणि दुसरे आजच्या ब्लॅक पुडिंगला लागू पडत नाही. हे पदार्थ खायचे की टाळायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु तो निर्णय योग्य पदार्थाविषयी व्हावा, एवढी काळजी घेणे शक्य आहे.

गोंधळाचे एक कारण नावातच आहे. मराठी कानाला ‘पुडिंग’ म्हटले की कॅरॅमलचे, थरथरणारे, गोड पुडिंग आठवते. इंग्रजीत मात्र या शब्दाचा जुना अर्थ आतड्यात किंवा पोटाच्या पिशवीत सारण भरून उकडलेला पदार्थ असा होता; गोडाचा अर्थ पुढे जोडला गेला. त्या जुन्या अर्थाने हॅगिस आणि ब्लॅक पुडिंग ही दोन्ही पुडिंगेच ठरतात. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याने 1786 मध्ये हॅगिसला उद्देशून लिहिलेल्या कवितेत त्याला पुडिंगांच्या साऱ्या कुळाचा सरदार म्हटले आहे, ते याच अर्थाने. कूळ एक असले, तरी घडण वेगळी आहे.

हॅगिसचा पाया म्हणजे मेंढीचे काळीज, हृदय आणि फुप्फुसे. हे अवयव आधी उकडून बारीक केले जातात आणि मग त्यांत कांदा, ओट्सचा भरड रवा, मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, मीठ, भरपूर काळी मिरी, जायफळ किंवा जायपत्रीसारखे मसाले आणि उकडलेल्या मांसाचे पाणी मिसळतात. हे सारण मेंढीच्या पोटाच्या पिशवीत सैलसर भरून, तोंड शिवून, मंद उकळीवर तीनेक तास शिजवणे ही जुनी रीत. पिशवी गच्च भरून चालत नाही, कारण ओट्स पाणी पिऊन फुगतात. तेवढी जागा ठेवली नाही, तर पिशवी भांड्यातच फुटते. आज बाजारातले बहुतेक हॅगिस गुरांच्या आतड्याच्या किंवा कृत्रिम वेष्टनात येते आणि ते वेष्टन खायचे नसते. आपल्याकडे वजडी खाणाऱ्या माणसाला हा फरक चटकन उमगेल: वजडीत पोट हाच पदार्थ असतो, हॅगिसमध्ये पोट हे भांडे असते. मेंढी कापल्यावर जे अवयव सर्वांत आधी नासतात ते तिथल्या तिथे शिजवून टाकावेत, आणि त्यासाठी वेगळे भांडे नसले तरी अडू नये, या गरजेला त्या पिशवीने उत्तर दिले.

ब्लॅक पुडिंगमध्ये काळीज नाही, हृदय नाही, फुप्फुसे नाहीत. त्याचा पाया रक्त आहे. रक्तात चरबीचे तुकडे, ओट्स, कांदा, मीठ आणि मिरी मिसळून ते मिश्रण नळीसारख्या वेष्टनात भरतात आणि हलक्या आचेवर उकडतात. उष्णतेने अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो, तशीच रक्तातली प्रथिने आळतात आणि सैल मिश्रणाचा सुरीने कापता येईल असा ठोकळा तयार होतो. काळा रंगही त्या शिजलेल्या रक्ताचाच. महाराष्ट्रात बकऱ्याचे साकळलेले रक्त कांदा-मिरचीवर परतून केलेली रक्ती ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ब्लॅक पुडिंगची चव अगदी परकी वाटणार नाही. फरक एवढाच की रक्तीत रक्त जवळजवळ एकटे असते, तर इथे ओट्स आणि चरबी त्याला भारदस्त, दाणेदार अंग देतात.

दोन्हींत ओट्स का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. थंड, ओलसर हवा आणि निकस जमीन यांमुळे स्कॉटलंडच्या मोठ्या भागात गहू नीट येत नसे; ओट्स मात्र येत. म्हणून लापशीपासून भाकरीसारख्या ओटकेकपर्यंत गरिबाच्या घरचे सगळे धान्य ओट्सच होते, आणि मांस थोडे असताना ते पुरवण्यासाठी त्यात घालायचेही तेच. डोंगराळ भागात टंचाईच्या दिवसांत गुरे न मारता त्यांचे थोडे रक्त काढून ते ओट्समध्ये मिसळून खात असल्याच्या जुन्या नोंदी आहेत. मात्र दोन पदार्थांत या धान्याचे काम वेगळे आहे, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच कळतो. हॅगिसमध्ये ओट्स मांसाच्या बरोबरीने बोलतात: त्यांचा भाजकट, काजूसारखा स्वाद आणि त्यांचा भरडपणा काढून टाकला, तर मसालेदार खिम्यापलीकडे फारसे काही उरणार नाही. ब्लॅक पुडिंगमध्ये ओट्स रक्ताचा ओलावा शोषून त्याला आधार देतात. बोलते ते रक्तच.

म्हणून हातात सुरी-काटा घेतल्यावर फरक ओळखणे सोपे आहे. ब्लॅक पुडिंगची चकती कापली, की कड स्वच्छ राहते, आत चरबीचे पांढरट ठिपके दिसतात, आणि घास दाट, मऊसर, किंचित लोहाच्या चवीचा लागतो. हॅगिस भुसभुशीत असते, कापताना सुटते, रवाळ लागते आणि मिरीचा ठसका घशात मागे रेंगाळतो. न्याहारीच्या ताटात हॅगिसची चकती दिसते, ती त्याला नळीत घट्ट भरून, गार करून, कापून परतल्यामुळे. एरवी ते वेष्टनातून चमच्यानेच काढून वाढतात.

हॉटेलातल्या मेन्यूवर या दोघांच्या जागाही निराळ्या आहेत. हॅगिस हे जेवण आहे. ‘हॅगिस, नीप्स अँड टॅटीज’ अशी ओळ दिसली, की एका बाजूला हॅगिस, दुसऱ्या बाजूला पिवळसर स्वीड सलगमाचा लगदा आणि तिसऱ्या बाजूला बटाट्याचा लगदा अशी थाळी समजावी. एडिंबराच्या रॉयल माइलवरच्या हॉटेलांत या तिघांचा थरांचा मनोरा रचून वर व्हिस्की घातलेला मलईचा सॉस ओततात. तो दिसतो देखणा, पण सलगमाची गोडी आणि हॅगिसचा तिखटपणा वेगवेगळा चाखायचा असेल, तर सॉस बाजूला वाटीत मागवावा असे मी सुचवेन. कोंबडीच्या छातीच्या तुकड्यात हॅगिस भरून, भोवती बेकन गुंडाळून केलेल्या पदार्थाला ‘चिकन बॅल्मोरल’ म्हणतात. नावात हॅगिसचा उल्लेख नसल्याने अनेकांना ते समोर आल्यावरच कळते. ग्लासगोमध्ये दक्षिण आशियाई वस्तीच्या सहवासातून हॅगिस पकोडाही रुळला आहे आणि तो चांगला लागतो, कारण बेसनाच्या कवचात हॅगिसचा भुसभुशीतपणा सुटत नाही. दरवर्षी 25 जानेवारीला, बर्न्सच्या जन्मदिवशी, हॅगिस वाजतगाजत मेजावर आणतात, त्याच्यासमोर ती कविता म्हणतात आणि कवितेतल्या ठरावीक ओळीला सुरी घालून ते फोडतात. अशा मेजवानीची सुरुवात बर्न्सच्या मित्रांनी 1801 मध्ये केली.

ब्लॅक पुडिंगच्या वाट्याला असा सोहळा नाही. ते सकाळच्या ताटात एक चकती होऊन येते, किंवा संध्याकाळच्या चांगल्या हॉटेलात तव्यावर भाजलेल्या स्कॅलॉप या शिंपल्यांच्या खाली बसून येते. ही दुसरी जोडी मला फार समंजस वाटते. स्कॅलॉप गोडसर आणि हलके, पुडिंग खारट आणि जड, आणि दोन्हींना बाहेरून तोच खरपूसपणा. मान मात्र त्याला वेगळ्या रीतीने मिळाला आहे. आउटर हेब्रिडीजमधल्या लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावाच्या ब्लॅक पुडिंगला 2013 मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे आपल्याकडे जीआय म्हणतात तशा प्रकारचे. त्या गावात आणि परिसरात बनलेल्यालाच ते नाव लावता येते. मुख्य भूमीवरच्या उल्लापूलहून फेरीबोटीने सुमारे अडीच तासांत तिथे पोहोचता येते, आणि तिथल्या गेलिक भाषेत या पदार्थाला ‘मारग’ म्हणतात. इंग्लंडच्या लँकेशरमधल्या ब्लॅक पुडिंगमध्ये जवाचे दाणे असतात. स्टॉर्नोवेच्या पुडिंगमध्ये ओट्स असतात, त्यामुळे त्याचा पोत अधिक सुटा आणि दाणेदार होतो.

मुळाविषयीही एक गोष्ट सांगून ठेवतो. हॅगिस ही केवळ स्कॉटलंडची निर्मिती आहे, असे सर्रास म्हटले जाते; परंतु त्या नावाच्या पदार्थाची फार जुनी लिखित कृती 1430 च्या सुमाराच्या, इंग्लंडमधल्या लँकेशरच्या पद्यबद्ध पाककृतींत सापडते. रक्त आणि चरबी भरून भाजलेले पोट तर प्राचीन ग्रीक महाकाव्यातही आहे. स्कॉटलंडने हे पदार्थ शोधले नसतील, पण इतरांनी सोडून दिल्यावर सांभाळले, आणि हॅगिसच्या बाबतीत त्यात एका कवीचा वाटा मोठा आहे.

आता आपल्या प्रवाशांच्या खऱ्या अडचणीकडे वळतो. गोमांस किंवा डुकराचे मांस टाळणाऱ्या माणसाने या दोन पदार्थांविषयी दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. हॅगिस ‘मेंढीचे’ म्हणून ओळखले जाते, त्यामुळे ते निर्धोक आहे असे वाटते. परंतु त्यातली चरबी पुष्कळदा गुरांची असते, वेष्टनही गुरांच्या आतड्याचे असू शकते, आणि काही उत्पादक डुकराचे काळीजही वापरतात. म्हणून प्रश्न चरबीचा आणि काळजाचा. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त बहुधा डुकराचे असते. स्टॉर्नोवेमध्ये मेंढीचे, गाईचे किंवा डुकराचे यांपैकी कोणतेही चालते, आणि चरबी गुरांची. तिथे प्रश्न रक्त कुणाचे हा. ब्रिटनमधल्या कायद्याप्रमाणे उपाहारगृहाला 14 अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते आणि त्यांत ओट्ससह ग्लूटेनयुक्त धान्ये येतात. पण त्या यादीत गोमांस किंवा डुकराचे मांस नाही. त्यामुळे मेन्यूवरच्या खुणांवर विसंबून न राहता शब्दांत विचारलेले बरे. संकोच करू नये. तिथले वाढणारे असे प्रश्न रोज ऐकतात आणि आत जाऊन वेष्टनावरचा मजकूर वाचून येतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक जास्तीची माहिती. तिथे 1971 पासून प्राण्यांची फुप्फुसे माणसाच्या अन्नात वापरायला बंदी आहे, म्हणून तिथे विकले जाणारे हॅगिस फुप्फुसांविना केलेले असते. तिथली चव ध्यानात ठेवून एडिंबरात आलेल्यांना मूळ हॅगिस अधिक हलके आणि फुललेले वाटते, त्याचे एक कारण फुप्फुसांचा तो स्पंजासारखा पोत हेही असावे.

शाकाहारी प्रवाशाच्या दृष्टीने तर या दोघांतला फरक सर्वांत मोठा आहे. एडिंबरातल्या मॅक्स्वीन या खाटिक घराण्याने 1984 मध्ये स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी शाकाहारी हॅगिस तयार केले. डाळी, राजमा, गाजर, स्वीड, मश्रूम, बिया, ओट्स आणि तीच मिरी अशा घडणीचे हे हॅगिस आज स्कॉटलंडभर मेन्यूवर मिळते, आणि ते तडजोड म्हणून खावे लागत नाही; ओट्स, कांदा आणि मसाला हे त्रिकूट शाबूत असल्याने हॅगिसचे हॅगिसपण टिकते. ब्लॅक पुडिंगचेही शाकाहारी प्रकार आहेत, पण आळणारे रक्तच नसल्यामुळे ती दाट, ओलसर घडण मला त्यांत सापडलेली नाही. रक्त वगळून स्कॉटलंडमध्ये पूर्वीपासून जे बनते ते व्हाइट पुडिंग, म्हणजे ओट्स, कांदा आणि चरबी. त्याचा पांढरा रंग पाहून ते शाकाहारी समजण्याची चूक मात्र करू नये.

शाकाहारी हॅगिस मागवतानाही तीन ठिकाणी चौकशी करावी. व्हिस्की सॉसमध्ये मांसाचे पाणी आहे का, हे विचारावे. न्याहारीत टॅटी स्कोन बेकनच्याच तव्यावर परतला आहे का, हे विचारावे. आणि मासे-चिप्सच्या दुकानात ‘व्हेजी हॅगिस सपर’ घेणार असाल, तर तळणीची चरबी कोणती ते विचारावे, कारण काही दुकाने आजही गुरांच्या चरबीत तळतात. तिथे ‘सपर’ म्हणजे चिप्ससह. नुसते हॅगिस हवे असेल, तर ‘सिंगल’ म्हणावे. एडिंबरात त्यावर मीठ आणि तपकिरी पातळ सॉस घालू का असे विचारतील, ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर.