ढोबळ मृत्युदर आणि वयप्रमाणित मृत्युदर: जपान-कोरियाचं कोडं

2023 मध्ये जपानमध्ये दर लाख लोकसंख्येमागे साधारण 315 जण कॅन्सरने दगावले, शेजारच्या दक्षिण कोरियात साधारण 167. दोन्हीकडे मृत्यूचं पहिलं कारण कॅन्सरच. जपानमध्ये 1981 पासून, कोरियात 1983 पासून. मग कोरियन माणसाला कॅन्सरचा धोका निम्माच म्हणायचा? छे!

हे आकडे ढोबळ दराचे आहेत. एकूण मृत्यू भागिले एकूण लोकसंख्या, संपलं. कॅन्सर मुख्यतः उतारवयात गाठतो, आणि जपानमध्ये पासष्टी गाठलेले 29 टक्के, कोरियात तेव्हा 18-19.

वयप्रमाणित दर काढताना चाळिशीतले किती गेले, सत्तरीतले किती, असा प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा घेतात आणि दोन्ही देशांना वयाची एकच ठरलेली विभागणी लावतात. तसं केलं की दुपटीचा फरक जवळपास विरतो. जपानचा आलेख तर चक्क उलटा फिरतो: ढोबळ दर अनेक दशकं चढता, वयप्रमाणित दर 1990 च्या दशकाच्या मध्यापासून उतरता.

दोन्ही खरेच. इस्पितळात खाटा किती लागतील, याला ढोबळ दर हवा. उपचार सुधारले का, सिगारेट सुटल्याचा फायदा झाला का, हे विचारायचं तर दुसरा. मथळ्यांना पहिला आवडतो, कारण तो दणदणीत दिसतो. पण वयप्रमाणित आकडाही जपून वापरावा. जपान स्वतःची प्रमाण लोकसंख्या, म्हणजे वयाची ती ठरलेली विभागणी, वापरतो, जागतिक आरोग्य संघटनेची वेगळी आहे. एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवला की तुलना फसली.

आणि वयाचा हिशेब चुकता केला तरी मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं, हा प्रश्न उरतोच. जपानने 1995 मध्ये मृत्यूच्या दाखल्याचा नमुना बदलला. शेवटच्या घटकेचं ‘हृदय बंद पडलं’ हे कारण म्हणून लिहू नका, असं डॉक्टरांना सांगितलं. हृदयविकाराचे मृत्यू एकदम घसरले. रातोरात कुणाचं हृदय ठणठणीत झालं नव्हतं!

आपल्याकडे निधनवार्तेत ‘वृद्धापकाळाने’ लिहितात ना, ते जपानच्या सरकारी यादीत रीतसर कारण आहे आणि 2018 पासून तिसऱ्या क्रमांकावर आहे. कोरियाच्या 2023 च्या यादीत त्या जागी न्यूमोनिया आहे.