व्हिडिओ कन्व्हर्ट करताना बिटरेट किती ठेवायचा?

कन्व्हर्टरमध्ये बिटरेटचा रकाना दिसला की बरेच जण तिथे मोठा आकडा टाकून मोकळे होतात, कारण जास्त बिटरेट म्हणजे जास्त क्वालिटी असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बिटरेट फक्त एवढंच सांगतो की एका सेकंदाच्या व्हिडिओवर किती बिट खर्च करायचे.

फुल एचडी व्हिडिओ, ३० फ्रेमचा, अजिबात कॉम्प्रेस न करता ठेवला तर सेकंदाला साधारण ७४६ मेगाबिट लागतात, आणि हे रंगाची माहिती आधीच कमी करून. ब्लू-रे डिस्कवर व्हिडिओला जास्तीत जास्त ४० मिळतात. मधलं सगळं कोडेक (व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याची पद्धत) गाळतो, म्हणजे मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते परत लिहीत नाही, काय कुठे सरकलं तेवढंच लिहितो आणि डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे बारकावे फेकून देतो. फेकलेलं परत येत नाही! त्यामुळे २ एमबीपीएसची (सेकंदाला २ मेगाबिट) फाइल १० वर कन्व्हर्ट केली की फाइल पाचपट होते, आतले धुरकट चौकोन तसेच राहतात, वर पुन्हा कॉम्प्रेस झाल्यामुळे थोडं अजून बिघडतं ते वेगळंच.

उलट बाजूही बघा. मूळ फाइल जुन्या एमपीईजी-२ कोडेकमधली असेल, डीव्हीडीवर असते तशी, तर एच.२६४ या त्यानंतरच्या कोडेकला तेवढीच क्वालिटी द्यायला ढोबळमानाने निम्मा बिटरेट पुरतो, आणि २०१३ साली आलेल्या एचईव्हीसीला त्याच्याही निम्म्याच्या आसपास. म्हणून मूळ फाइलचा आकडा डोळे झाकून कॉपी करायचा नाही.

शिवाय सीन कसा आहे त्यावरही खूप काही असतं. खुर्चीत बसून बोलणारा माणूस फार कमी बिटमध्ये भागतो, पण पाऊस, उसळणारं पाणी, हलणारी पानं किंवा अंधारात शूट केल्यावर येणारे दाणे, यात प्रत्येक फ्रेम नवीच असते, तिथे कोडेकची दमछाक होते. सगळ्याला एकच बिटरेट दिला तर कुठे उधळपट्टी, कुठे उपासमार. माझं मत विचाराल तर साइजची सक्ती नसेल तेव्हा बिटरेट टाकूच नका, कन्व्हर्टरमधला सीआरएफ हा पर्याय वापरा. त्यात क्वालिटी तुम्ही ठरवता, बिट किती लागतील ते एन्कोडर (कॉम्प्रेस करणारं सॉफ्टवेअर) बघतो. एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये डिफॉल्ट २३ असतं, आकडा ६ ने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते.

आणि नुसतं एमकेव्हीचं एमपी४ करायचं असेल, म्हणजे फक्त फाइलचं बाहेरचं खोकं बदलायचं असेल, आतला कोडेक प्लेयरला चालणारा असेल, तर एन्कोड करायची गरजच नाही, स्ट्रीम कॉपी करा, म्हणजे आतला व्हिडिओ-ऑडिओ न बदलता तसाच नव्या फाइलमध्ये ठेवा, काही सेकंदात काम होतं आणि क्वालिटी जशीच्या तशी.

साइज ठरलेलीच असेल तर मात्र गणित करा. १० मिनिटांचा व्हिडिओ ३०० एमबीत बसवायचाय, तर ३०० गुणिले ८ (एका बाइटमध्ये ८ बिट) म्हणजे २४०० मेगाबिट, भागिले ६०० सेकंद, आले ४ एमबीपीएस. त्यातून ऑडिओचे १२८ केबीपीएस (म्हणजे ०.१२८ एमबीपीएस) वजा करा, थोडी जागा मोकळी सोडा आणि टू-पास लावा, म्हणजे एन्कोडर आधी पूर्ण व्हिडिओ तपासतो आणि मग बिट वाटतो.