थोरली फॉस्टिना आणि धाकटी फॉस्टिना: 'डिवा' वाचून थांबू नका
रोमन चांदीच्या नाण्याचा फोटो टाकून खाली नुसतं 'फॉस्टिना' लिहिणं आता थांबवा प्लीज. दोघी आहेत, आई आणि मुलगी. थोरली रोमन सम्राट अँटोनायनस पायसची बायको, तिच्याबद्दल फार सांगत नाही, डेनारियस (हेच ते रोमन चांदीचं नाणं) जमवणाऱ्या बहुतेकांकडे तिचं एखादं असतंच, कारण ती इ.स. १४०-४१ च्या सुमारास गेली आणि नवरा १६१ मध्ये जाईपर्यंत तिच्या नावाने नाणी पाडतच राहिला. धाकटी पुढचा सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको.

केस सोपे आहेत. थोरलीचा अंबाडा टाळूवर, धाकटीचा मागे.

खरा घोळ नाण्यावरच्या लॅटिन अक्षरांत आहे. 'डिवा' म्हणजे मेल्यावर देवी ठरवलेली, आणि 'डिवा दिसलं की थोरली' हे सगळ्यांनी पाठ करून ठेवलंय. अरे पण धाकटी १७५ च्या सुमारास गेली तेव्हा तिलाही देवी केलंच ना! तिच्या त्या नाण्यांवर 'डिवा फॉस्टिना पिया' ('पिया' म्हणजे धर्मनिष्ठ) असतं, म्हणजे सगळा निकाल त्या शेवटच्या 'पिया'वर, आणि नेमकं ते चेहऱ्यासमोर येतं आणि लोक डोक्यामागचं 'डिवा' वाचून मोकळे होतात. थोरलीच्या नाण्यावर पिया नसतं. आता उलटा खड्डा: 'पिई' दिसलं म्हणून धाकटी समजू नका, ते पायसचं नाव आहे, आधी 'अँटोनिनी' असेल तर त्याची बायको म्हणजे थोरली, शेवटी 'फिल' असेल तर त्याची मुलगी म्हणजे धाकटी. नुसतं 'फॉस्टिना ऑगस्टा' बहुतेक वेळा धाकटीचं, पण तिथे अंबाडा बघाच.

मागच्या बाजूच्या देवीवरून ठरवणारे लोक तर मला अजिबात पटत नाहीत. जूनो, सेरेस दोघींकडे आहेत, मोरसुद्धा दोघींकडे. हां, 'फेकुंडिटास' (सुफलतेची देवी) किंवा सिंहासनावर दोन बाळं असली तर धाकटीच, तिला डझनभर मुलं झाली आणि १६१ मध्ये जुळी, त्यातला एक कॉमोडस. मला विचाराल तर दोघींच्या नाण्यांत हेच सगळ्यात सुंदर, मोर कितीही स्वस्तात मिळू देत.

आणि ओळख विचारायची असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका, चेहऱ्यासमोरची अक्षरं कापू नका.